फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये आकाराची मर्यादा आणि ओव्हरफ्लो: तपासणी कुठे आणि कशी लिहावी

प्रश्न थोडक्यात असा: लिनक्ससाठी एक छोटी फाइल सिस्टिम लिहिली जात आहे. लिहिण्याच्या फंक्शनमध्ये "जागा + लांबी > मर्यादा असेल तर एरर परत कर" अशी एक ओळ होती. कोड रिव्ह्यू करणाऱ्याने ती नाकारली आणि "बेरीज उलटू शकते, वजाबाकी वापरा" एवढाच शेरा मारला. (उलटणं म्हणजे ओव्हरफ्लो: उत्तर ठरलेल्या बिटांत न मावता भलतंच येणं.) वजाबाकी केली की काम झालं का? अशी तपासणी आणखी कुठे लागते? आणि मुळात मर्यादेचा आकडा आणायचा कुठून?

शेरा बरोबर आहे, पण अर्धाच. बेरीज की वजाबाकी हा खरा मुद्दा नाही. प्रत्येक गणित कोणत्या टाइपमध्ये, किती बिटांत होतंय आणि ते करण्याआधी त्यातल्या संख्यांबद्दल आपल्याला काय खात्रीने माहीत आहे, हे बघायचं असतं. तुमच्या ओळीपासूनच सुरू करू.

लिनक्समध्ये फाइलमधली जागा, म्हणजे ऑफसेट, ६४ बिटांचा साइन्ड, म्हणजे ऋणही होऊ शकणारा, असतो. लांबी मात्र बहुतेक वेळा साइझ_टी, म्हणजे अनसाइन्ड, आणि तिची रुंदी मशीनप्रमाणे बदलते. ६४ बिट मशीनवर या दोघांची बेरीज सी भाषेच्या नियमाने अनसाइन्ड होते आणि तुलना करताना मर्यादाही अनसाइन्ड धरली जाते. ३२ बिट मशीनवर लांबी ३२ बिटांची, म्हणून तीच बेरीज साइन्ड ६४ बिटांत होते. म्हणजे एकाच ओळीचे दोन मशीनवर दोन अर्थ. ६४ बिटांवर जागा −१ आणि लांबी १०० असेल तर बेरीज ९९ येते आणि तपासणी आनंदाने पास होते.

काही जण यावर उपाय म्हणून "जागा + लांबी < जागा" असं तपासतात. दोन्ही अनसाइन्ड असतील तर ते चालतं. साइन्ड असतील तर ओव्हरफ्लोचं वर्तन सी मध्ये ठरलेलंच नाही, त्यामुळे लांबी ऋण नाही हे कंपायलरला कळलं तर तो ती ओळ "कधीच खरी होणार नाही" म्हणून काढून टाकू शकतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपायलरचा नो-स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लो हा पर्याय लावून बांधला जातो, म्हणून तिथे अशी तपासणी टिकते. पण फाइल सिस्टिमचा कोड कर्नलपुरता राहत नाही. तोच तुकडा उचलून एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारा प्रोग्रॅम) आणि एमकेएफएस (ती तयार करणारा) यांच्या कोडमध्ये जातो, तिथे तो पर्याय नसतो, आणि तपासणी गायब होते. कर्नलमध्ये चालतंय म्हणून ओळ बरोबर आहे असं समजू नका.

लिहिण्यासाठी नीट क्रम असा (ईइन्व्हॅल म्हणजे 'चुकीची किंमत' आणि ईएफबिग म्हणजे 'फाइल फार मोठी' अशी एरर):

लांबी == ० असेल तर ० परत
जागा < ० असेल तर ईइन्व्हॅल
जागा >= मर्यादा असेल तर ईएफबिग
उरलेली = मर्यादा − जागा
लांबी > उरलेली असेल तर लांबी = उरलेली

चौथ्या ओळीतली वजाबाकी सुरक्षित आहे, कारण वरच्या दोन ओळींनी जागा शून्य ते मर्यादा यांच्या मध्ये आहे हे आधीच पक्कं केलं आहे. त्या दोन ओळी काढल्या तर वजाबाकीही तितकीच धोक्याची. हे पुस्तकी वाटत असेल तर सीव्हीई-२०२२-०१८५ बघा (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा नंबर).

तो दोष जानेवारी २०२२ मध्ये उघड झाला. कर्नलमध्ये माउंटचे (फाइल सिस्टिम जोडण्याचे) पर्याय एकापुढे एक जोडून ४०९६ बाइटच्या एका पानात साठवणारं फंक्शन होतं. तपासणी वजाबाकीनेच लिहिलेली होती: लांबी > ४०९६ − २ − आकार असेल तर नकार. आकार म्हणजे आतापर्यंत भरलेले बाइट. प्रत्येक पर्यायाआधी एक स्वल्पविराम पडतो, त्यामुळे आकार ४०९५ पर्यंत पोचू शकत होता. मग ४०९६ − २ − ४०९५ म्हणजे −१, पण हिशेब अनसाइन्ड असल्याने तो २^६४ − १ झाला. त्यापुढे कोणतीही लांबी "बसते" असंच उत्तर येत राहिलं आणि लेखन पानाच्या बाहेर, कर्नलच्या हीपमध्ये (मागणीनुसार दिल्या जाणाऱ्या मेमरीत) गेलं. युजर नेमस्पेस (स्वतःपुरते रूटचे अधिकार देणारा कप्पा) उघडता येणाऱ्या सामान्य वापरकर्त्यालाही हे साधत होतं. दुरुस्ती काय केली? चक्क बेरीज: आकार + लांबी + २ > ४०९६. इथे बेरीज बरोबर ठरते, कारण एका पर्यायाची लांबी आधीच काहीशे बाइटांवर बांधलेली असते आणि आकारही पानाबाहेर जात नाही. ती बेरीज उलटण्याइतकी मोठी होऊच शकत नाही.

हा विचार प्रत्येक ओळीसाठी नव्याने करायचा नसेल तर तयार साधनं वापरा. कर्नलमध्ये २०१८ पासून ओव्हरफ्लो.एच मध्ये चेक_ॲड_ओव्हरफ्लो, चेक_मल_ओव्हरफ्लो वगैरे आहेत. वेगवेगळ्या टाइपच्या संख्या दिल्या तरी उत्तर ज्या टाइपमध्ये साठवायचं त्यात ते बसतं का, एवढंच ती सांगतात. कर्नलबाहेर जीसीसी ५ पासूनचे बिल्टइन आहेत आणि सी२३ मध्ये सीकेडी_ॲड. माझं मत विचाराल तर नव्या कोडमध्ये हेच वापरा. हाताने लिहिलेली चलाख तुलना सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला परत सिद्ध करत बसावी लागते.

रिव्ह्यू करणारे बेरजेवर डोळा ठेवतात, पण खऱ्या फाइल सिस्टिममध्ये डेटा खाणारे बहुतेक दोष शिफ्ट (बिट सरकवणं), मास्क (काही बिट पुसणं) आणि मिन (दोन्हींतलं लहान घेणं) यांच्यात लपलेले असतात.

शिफ्ट: ब्लॉक नंबर ३२ बिटांचा आहे आणि बाइट ऑफसेट हवा म्हणून तुम्ही ब्लॉक << १२ लिहिता. उत्तर ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवता, पण शिफ्ट मात्र ३२ बिटांतच होतो. रुंदी डावीकडच्या संख्येवरून ठरते, उत्तर कुठे जाणार यावरून नाही. ब्लॉक १०,४८,५७६ झाला की शिफ्टचं उत्तर शून्य. म्हणजे ४ जीबीच्या पुढे लिहिलेला डेटा फाइलच्या सुरुवातीवर जाऊन बसतो. एरर नाही, लॉग नाही. कास्ट, म्हणजे टाइप बदलणं, शिफ्टच्या आधी, आतल्या संख्येला लागला पाहिजे; पूर्ण कंसाला बाहेरून लावलेला कास्ट निरुपयोगी. पेज कॅशच्या (मेमरीत ठेवलेल्या फाइलच्या पानांच्या) इंडेक्सचंही असंच: तो अनसाइन्ड लाँग असतो, ६४ बिटांवर दोष दिसत नाही आणि ३२ बिट एआरएमवर फाइल बिघडते.

मास्क: जागा ब्लॉकच्या सुरुवातीला आणण्यासाठी जागा & ~(ब्लॉकसाइझ − १). ब्लॉकसाइझ साधा इंट असेल तर उलटवलेली संख्या ऋण असते, ६४ बिटांत जाताना वरचे बिट १ ने भरतात आणि सगळं ठीक चालतं. कोणीतरी "आकार कधी ऋण असतो का" म्हणून टाइप अनसाइन्ड इंट केला की वरचे ३२ बिट शून्याने भरतात आणि ५ जीबीची जागा १ जीबी होते. सुधारणा म्हणून केलेल्या बदलाने डेटा गेला, असा हा प्रकार. कर्नलचे राउंड_डाउन आणि राउंड_अप हे मॅक्रो मास्कला आधी पहिल्या संख्येच्या टाइपमध्ये नेतात ते याचसाठी. तेच वापरा.

मिन: कंपायलर टाइप जुळत नाहीत म्हणून कुरकुर करतो, मग मिन_टी मध्ये अनसाइन्ड इंट टाकून त्याचं तोंड बंद केलं जातं. उरलेली लांबी नेमकी ४ जीबी असेल तर कापून शून्य होते, लूप शून्य बाइट पुढे सरकतो आणि तिथेच फिरत राहतो. मिन_टी मध्ये नेहमी दोन्हींतला रुंद टाइप द्या.

वरच्या दिशेला पूर्णांक करतानाही जपा. (आकार + ४०९५) / ४०९६ हे कमाल आकाराजवळ उलटतं. आकार / ४०९६ + (आकार % ४०९६ != ०) कधीच उलटत नाही. (आकार − १) / ४०९६ + १ हा तिसरा प्रकार अनसाइन्ड शून्याला फसतो.

आता मर्यादेचा आकडा. ती एक मर्यादा नसते. चार-पाच वेगवेगळ्या मर्यादा असतात आणि त्यातली सगळ्यात लहान ती तुमची. पहिली व्हीएफएसची, म्हणजे सगळ्या फाइल सिस्टिमच्या वर असणाऱ्या कर्नलमधल्या सामाईक थराची: ६४ बिटांवर २^६३ − १ बाइट, ३२ बिटांवर पानाचा नंबर ३२ बिटांचा, म्हणून ४ केबी पानांना जेमतेम १६ टीबी (२०१७ पूर्वी ८ टीबी). दुसरी, डिस्कवर फाइलची माहिती जिथे असते (आयनोड; फॅट३२ मध्ये डिरेक्टरीची नोंद) तिथल्या आकाराच्या रकान्याची: फॅट३२ मध्ये तो ३२ बिटांचा, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे फाइल जात नाही. पेनड्राइव्हवर मोठा सिनेमा कॉपी होत नाही तो यामुळे. तिसरी, फाइलमधले ब्लॉक शोधण्याच्या रचनेची: ईएक्सटी२ मध्ये १ केबी ब्लॉक घेतला तर १२ थेट, २५६ एकेरी, ६५,५३६ दुहेरी आणि १,६७,७७,२१६ तिहेरी, मिळून १,६८,४३,०२० ब्लॉक, म्हणजे १६ जीबीहून थोडं जास्त. चौथी जवळजवळ सगळे विसरतात: वापरलेल्या ब्लॉकांचा मोजणी रकाना. ईएक्सटी३ मध्ये तो ५१२ बाइटच्या सेक्टरांत मोजतो आणि ३२ बिटांचा आहे, म्हणून ४ केबी ब्लॉकांची रचना ४ टीबीपर्यंत पोचत असूनही फाइल २ टीबीला थांबते. त्या रकान्यात डेटाबरोबर इंडायरेक्ट ब्लॉकही मोजले जातात, तेव्हा हिशेबात तेही वजा करा.

हा सगळा हिशेब माउंटच्या वेळी एकदाच करून सुपरब्लॉकच्या (पूर्ण फाइल सिस्टिमची माहिती ठेवणाऱ्या नोंदीच्या) एस_मॅक्सबाइट्स मध्ये ठेवा. ते विसरलात तर व्हीएफएस सुरुवातीलाच तिथे २^३१ − १ भरून ठेवतं. "माझ्या फाइल सिस्टिममध्ये फाइल २ जीबीला अडकते" ही तक्रार आली की आधी हेच बघा.

शेवटच्या ब्लॉकपाशी एक खास सापळा आहे. ईएक्सटी४ मध्ये फाइलमधला ब्लॉक नंबर ३२ बिटांचा असतो. मर्यादा ठरवताना शेवटचा नंबर २^३२ − १ बसतो, म्हणून तो चालू धरला होता. पण कोडमध्ये पट्टा "सुरुवात आणि शेवट" असा नसून "सुरुवात आणि लांबी" असा धरला जातो, आणि ० पासून २^३२ − १ पर्यंतची लांबी २^३२ होते, जी ३२ बिटांत बसत नाही. विरळ (न लिहिलेल्या भागाला डिस्कवर जागा न घेणाऱ्या) फाइलच्या अगदी शेवटच्या ब्लॉकवर लिहिलं की कर्नल बग_ऑनवर (मुद्दाम थांबवणाऱ्या तपासणीवर) पडत असे. २०११ मध्ये मर्यादाच एक ब्लॉकने खाली आणून तो मिटवला. रेकॉर्ड लॉकच्या (फाइलच्या काही भागालाच कुलूप लावण्याच्या) कोडमध्ये याच अडचणीची नीटस सोडवणूक आहे. तिथे शेवट धरून मोजतात, म्हणून तपासणी अशी: लांबी − १ > कमाल − सुरुवात. लांबी शून्याहून मोठी आहे हे आधी बघितलेलं, म्हणून −१ निर्धोक.

"शेवटपर्यंत" असं सांगायला काही कॉल सगळे बिट १ असलेली लांबी देतात. एफएसट्रिम (रिकामे ब्लॉक डिस्कला कळवणारी, म्हणजे डिसकार्ड करणारी कमांड) हे रोजचं उदाहरण. सुरुवात शून्य नसेल तर बेरीज हमखास उलटते. म्हणून ती खास किंमत बेरजेआधी ओळखा. नाहीतर वापरकर्त्याच्या साध्या कमांडला ईइन्व्हॅल मिळेल किंवा, त्याहून वाईट, भलताच पट्टा डिसकार्ड होईल.

व्हीएफएस तुमच्यासाठी काय करतं आणि काय नाही? रीड, राइटला ऋण जागा आणि ऋण ठरणारी लांबी ते अडवतं, आणि एका कॉलमधलं काम २,१४,७४,७९,५५२ बाइटांवर कापतं, म्हणजे २ जीबीला एक पान कमी. आत कुठे बाइटांची संख्या इंट मध्ये धरलेली असली तरी ती ऋण होऊ नये हा हेतू. फॅलोकेटची (फाइलसाठी आधीच जागा राखणाऱ्या कॉलची) बेरीज आणि मर्यादाही तेच तपासतं. पण राइट_इटर (फाइल सिस्टिमचं लिहिण्याचं फंक्शन) स्वतःचं लिहिलंत तर जेनेरिक_राइट_चेक्सला तुम्हीच बोलवायचं. डिरेक्टरी वाढवताना, जर्नल (बदलांची नोंदवही) किंवा स्वतःच्या आयऑक्टलमधून (खास कॉलमधून) पट्टे हलवताना कोणी तपासत नाही.

आणि डिस्कवरून वाचलेल्या संख्यांची तर कोणीच हमी घेत नाही. डिस्क इमेज ही बाहेरून आलेली फाइल आहे. तिच्यातला प्रत्येक आकडा वापरकर्त्याने टाइप केल्यासारखाच संशयित. ईएक्सटी४ मधला सीव्हीई-२००९-४३०७ इथे शिकण्यासारखा आहे. सुपरब्लॉकमध्ये ग्रुपांच्या संख्येचा लॉग (२ चा कितवा घात, तो आकडा) असतो, कोड १ << लॉग करून त्याने भागायचा. लॉग मोठा दिला की भाजक शून्य. पहिली दुरुस्ती: शिफ्ट करा, उत्तर शून्य आलं का ते बघा. पण ३२ बिटांची संख्या ३२ किंवा त्याहून जास्त घरं शिफ्ट करणं हेच सी मध्ये बेकायदा. एक्स८६ प्रोसेसर शिफ्टचे फक्त खालचे ५ बिट बघतो, म्हणून १ << ३६ तिथे १६ येतं, शून्य नाही. शिवाय "१ ला शिफ्ट केल्यावर शून्य येऊच शकत नाही" असं म्हणून कंपायलरला ती तपासणीच काढून टाकायची मुभा. म्हणून २०१२ मध्ये सीव्हीई-२०१२-२१०० असा दुसरा नंबर पडला आणि खरी दुरुस्ती आली: लॉग १ ते ३१ मध्ये आहे का हे शिफ्टच्या आधी बघा.

तेव्हा सुपरब्लॉक वाचताना ब्लॉक आकाराचा लॉग, दर ग्रुपमागचे ब्लॉक आणि आयनोड, एकूण ब्लॉक हे सगळं आधी सीमांशी ताडून बघा, मगच गुणाकार-भागाकार. जेनेरिक_चेक_ॲड्रेसेबल बोलवा, ३२ बिट मशीनला न झेपणारी फाइल सिस्टिम ते माउंटच होऊ देत नाही. आयनोडचा आकार वाचल्यावर तो ऋण किंवा मर्यादेपुढे असेल तर आयनोड नाकारा. डिरेक्टरीच्या नोंदीची लांबी शून्य असेल तर लूप संपणार नाही, आणि ती ब्लॉकच्या हद्दीबाहेर जाते का हेही हवंच. "संख्या × आकार" मेमरी मागताना केमॅलॉक_ॲरे किंवा स्ट्रक्ट_साइझ वापरा. गुणाकार उलटला तर मागणी नाकारली जाते, छोटा बफर हाती येत नाही.

एका थरात ६४ बिट आणि पुढच्या थरात इंट, याचं मोठं उदाहरण जुलै २०२१ चं, सीव्हीई-२०२१-३३९०९, ज्याला सेक्वोया म्हणतात. प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतल्या) फाइली तयार करणाऱ्या सेक_फाइल कोडमध्ये मजकूर मावला नाही की बफर दुप्पट केला जाई, वरची मर्यादा नव्हती. १ जीबीहून लांब मार्ग बनेल इतक्या खोल डिरेक्टऱ्या करून, माउंट करून, काढून टाकून मग माउंटइन्फो (माउंटची यादी) वाचली की बफर २ जीबीचा होई. हा आकार पुढे मार्ग लिहिणाऱ्या फंक्शनकडे इंट म्हणून जाई, तिथे तो −२ जीबी होई, आणि "//डिलिटेड" हे शब्द बफरच्या सुमारे २ जीबी आधीच्या पत्त्यावर लिहिले जात. दुरुस्ती फंक्शनमधल्या गणितात केली नाही. बफर देणाऱ्या ठिकाणीच वर सांगितलेल्या २,१४,७४,७९,५५२ बाइटांपुढे नकार दिला. दहा ठिकाणी इंट शोधत बसण्यापेक्षा संख्या आत येते तिथेच तिला लगाम घालणं टिकतं.

एररच्या कोडबद्दल गोंधळ फार दिसतो. राइट मर्यादेवरून पुढे जात असेल तर जेवढं मावतं तेवढं लिहून तेवढी संख्या परत करा. मर्यादेपाशी १०० बाइट उरले असताना ४०९६ मागितले तर १००, आणि पुढच्या कॉलला ईएफबिग. फॅलोकेटला असं अर्धवट चालत नाही, तिथे थेट ईएफबिग. ट्रंकेटलाही. वाचताना मर्यादेपुढे एरर नसते, शून्य बाइट मिळतात. एलसीक मर्यादेपुढे ईइन्व्हॅल देतो. ईओव्हरफ्लो म्हणजे "उत्तर आहे पण तुमच्या टाइपमध्ये मावत नाही": जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमने लार्जफाइल (मोठ्या फाइलींसाठीचा पर्याय) न लावता २ जीबीहून मोठी फाइल उघडली तर हा मिळतो. डिस्क भरली तर ईएनओएसपीसी. तो ईएफबिगच्या जागी देऊ नका, वापरकर्ता जागा रिकामी करत बसतो. डिस्कवरचा आकडाच बिघडलेला असेल तर ईएफएसकरप्टेड.

चाचणीसाठी मोठी डिस्क लागत नाही. टीएमपीएफएस (मेमरीतली फाइल सिस्टिम) किंवा एक्सएफएसवर ट्रंकेटने विरळ इमेज करा आणि लूप डिव्हाइसने (फाइल डिस्कसारखी वापरून) माउंट करा. इमेज फॅट३२ किंवा छोट्या मर्यादेच्या फाइल सिस्टिमवर ठेवलीत तर तिचीच मर्यादा तपासाल. आधी फाइलच्या पहिल्या ब्लॉकमध्ये ओळखीचा मजकूर लिहा. मग २^३१ − १, २^३१, २^३२ − १, २^३२ या जागांवर आणि मर्यादेच्या एक बाइट आधी, नेमक्या मर्यादेवर आणि एक बाइट पुढे लिहून बघा. २^६३ − १ वर १ बाइट हीही एक चाचणी, आणि तिथे व्हीएफएसकडून ईइन्व्हॅल यायला हवा, कारण जागा + लांबी २^६३ होते आणि ती साइन्ड ६४ बिटांत मावत नाही; कमाल आकार २^६३ − १ म्हणजे शेवटच्या बाइटची जागा २^६३ − २. प्रत्येक वेळी सीमा ओलांडणारं एक लेखनही करा, म्हणजे २^३२ − १०० पासून ४०९६ बाइट. एक्सएफएस_आयओ या चाचणी-साधनाच्या पीराइटने हे सोपं पडतं.

पडताळणीआधी अनमाउंट करून परत माउंट करा. डेटा पेज कॅशमध्ये बरोबर जागी असतो आणि डिस्कवर चुकीच्या. लगेच वाचलंत तर सगळं हिरवं दिसेल. परत माउंट केल्यावर पहिला ब्लॉक आधीसारखाच आहे का हे बघा, कारण उलटलेला ऑफसेट बहुधा तिथेच येऊन पडतो. पूर्ण फाइल कॅटने वाचायला जाऊ नका, विरळ १६ टीबी शून्यं वाचण्यात दिवस जाईल.

हेच सगळं क्यूईएमयू एम्युलेटरमध्ये ३२ बिट कर्नलवर एकदा चालवा. रुंदीचे निम्मे दोष तिथेच बाहेर पडतात. यूबीसॅनची (सी मध्ये वर्तन न ठरलेल्या क्रिया पकडणाऱ्या साधनाची) शिफ्टची तपासणी चालू ठेवा, पण ती अनसाइन्ड उलटणं दाखवत नाही, तेव्हा शांत लॉगवर विसंबू नका. बिघडवलेल्या इमेजसाठी सिझकॉलर हे आपोआप वाकडं इनपुट देणारं साधन आहेच. त्याआधी हाताने सुपरब्लॉकमधला एकेक रकाना शून्य, एक आणि सगळे बिट १ असा बदलून माउंट करून बघा. चेकसम (डेटा बिघडला का हे ओळखायचा आकडा) असेल तर तो दर वेळी नव्याने काढून लिहा. नाहीतर माउंट चेकसमवरच नाकारलं जाईल आणि तुमची सीमांची तपासणी एकदाही चालणार नाही.